डालडाच्या डब्यातला पगार



गेल्या सुक्कोथच्या सुट्टीत आमच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी भेटावयास आली. नर्सिंगचा अभ्यास नुकताच पुरा करून ती तेल अवीवच्या एका इस्पितळात लागली आहे. आईबापांचे घर दिमोनाला. इकडे दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या जागेत राहते. चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, पहिला पगार आला आणि वीस तारखेला संपलासुद्धा. तुम्हांला पहिला पगार किती होता? आणि तो तुम्ही पुरवायच्या कशा?"

आम्ही तिघी त्या दिवशी एकाच ओट्यावर बसलो होतो. एकमेकींकडे पाहिले आणि हसूच आले. त्या मुलीला वाटले, आपली थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. प्रश्न सोपा होता, पण त्याचे उत्तर आम्हांला देता येईना. आकडा तिघींना पाठ आहे, पण तो सांगून उपयोग काय? त्या आकड्याला फेब्रुवारीत जे येत होते ते ऑगस्टमध्ये येत नव्हते. ते पैसेही आता नाहीत. त्यांची तीन शून्ये सरकारने १९८५ साली पुसून टाकली.

तिला जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. ती गेल्यावर वाटले की नीट लिहून काढावे.

आम्ही कोण ते आधी सांगतो. एक पेणची, एक रेवदंड्याची आणि एक माझगावची, सर एली कदूरी शाळेत शिकलेली. तिघींची एस.एस.सी. मराठीतून झाली आणि तिघींची आलिया १९७७-७८ च्या सुमाराची. बेर शेव्हाच्या नर्सिंग शाळेत एका बाकावर आलो आणि तीन वर्षे वसतिगृहात एकाच खोलीत काढली. या लेखात कोणती गोष्ट कोणी केली ते लिहायचे नाही असे ठरविले आहे. लिहिणारा हात एकीचाच आहे, पण एकीच्या नावावर चूक आणि दुसरीच्या नावावर शहाणपण, हे चाळीस वर्षांनी कशाला? जे झाले ते आम्ही केले.

परीक्षा झाली, परवाना मिळाला, आणि १९८४ च्या जानेवारीत तिघींना हैफाला नोकरी लागली. आमची घरे दक्षिणेकडे, दिमोनाच्या बाजूला. वाळवंटातून उठून, बस बदलत बदलत, एकदम डोंगर आणि समुद्र! हैफाचे बंदर पहिल्यांदा दिसले तेव्हा आमच्यातली माझगाववाली बराच वेळ बोललीच नाही. कार्मेल डोंगराच्या उतारावर हदार नावाची जुनी वस्ती आहे, तिथे जागा मिळाली. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि रस्त्यापासून वर यावयास ज्या पायऱ्या, त्या मोजायच्या आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिल्या. तल्पियोतचा बाजार जवळ होता. रात्रपाळी करून परतताना भाजीची पिशवी घेऊन त्या पायऱ्या चढायच्या म्हणजे पगारातले निम्मे तिथेच खर्ची पडे.

घरमालकीण रुमानियाची म्हातारी बाई, स्वच्छ आणि कडक. भाडे तिने डॉलरमध्ये सांगितले. आम्हांला वाटले, बाईला अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल. नंतर कळले की त्या दिवसांत सर्वांचीच भाडी डॉलरमध्ये ठरत. द्यायचे शेकेलमध्येच, पण ज्या दिवशी द्याल त्या दिवसाच्या भावाने. एक तारखेऐवजी सहा तारखेला दिले तर तेच भाडे जास्त पडे. ही सूचना बाईने पहिल्याच दिवशी आम्हांला दिली होती. आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. ती तेव्हाच समजून घेतली असती तर पुढचे बरेच टळले असते.

फेब्रुवारीच्या एक तारखेला पहिला पगार झाला. त्याबरोबर 'तलूश' म्हणजे पगाराचा कागद मिळाला. वर 'ब्रूतो' लिहिलेला मोठा आकडा, खाली 'नेतो' लिहिलेला लहान आकडा, आणि मधल्या जागेत आयकर, राष्ट्रीय विमा, निवृत्तीचा फंड, युनियन. आमच्यापैकी एकीने वरचाच आकडा वाचून घरी फोन केला होता! दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून खरे सांगावे लागले.

त्या रात्री आम्ही शंभर पानी वही घेतली. रेघ मारून डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. मराठीतून लिहीत असू, म्हणजे मालकीणबाईला वाचता येऊ नये. पहिला वाद पाळ्यांवरून झाला. रात्रपाळीला आणि शब्बाथच्या पाळीला जास्त पैसे असत, तेव्हा ज्या महिन्यात जिच्या रात्री जास्त, तिचा पगार जास्त. तर मग खर्च सारखा वाटायचा की पगाराप्रमाणे? एकीचे म्हणणे, जास्त मिळविणारीने जास्त द्यावे. दुसरीचे म्हणणे, रात्रभर जागते ती, आणि दंडही तिलाच? शेवटी ठरले ते असे: भाडे, वीज, गॅस आणि इमारतीच्या समितीची वर्गणी तिघींत सारखी, खाणे एका डब्यातून, कपडे, सिनेमा आणि केसांचे तेल जिचे तिने. हा ठराव पुढे सहा वर्षे टिकला. त्या मुलीला आम्ही हाच एक सल्ला ठामपणे दिला: मैत्रिणींबरोबर राहायचे तर पहिल्या आठवड्यातच बसून लिहून काढा, प्रेम ताजे आहे तोवर.

आता त्या दिवसांचे भाव कसे असत ते थोडे सांगितले पाहिजे. आमच्या मुलांना सांगितले तर ती विश्वास ठेवीत नाहीत. लिरा जाऊन शेकेल आला तो १९८० च्या फेब्रुवारीत, दहा लिऱ्यांना एक शेकेल. पण नाव बदलल्याने रोग बरा होत नाही. १९८४ या एका वर्षात महागाई साडेचारशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. म्हणजे जानेवारीत शंभराला मिळणारी वस्तू डिसेंबरअखेर साडेपाचशेच्या घरात. एकट्या ऑक्टोबरात वीस टक्क्यांहून जास्त वाढ झाली. दर महिन्याच्या पंधरा तारखेला रेडिओवर 'मदाद' म्हणजे भावांचा निर्देशांक जाहीर होई. तो ऐकावयास सगळा वॉर्ड, रुग्णांसकट, कान लावून बसे. महागाईभत्ता मिळत असे, नाही असे नाही. पण भाव पुढे धावत आणि भत्ता मागून धापा टाकीत येई.

मकोलेत म्हणजे आपले कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान. आमचा मकोलेतवाला मोरोक्कोचा, मोठ्या मनाचा माणूस. आमच्या नावाने उधारीची वही ठेवी. सुरुवातीला तो रक्कम लिहीत असे. मग एके दिवशी पाहिले तर रक्कम नाहीच, नुसते 'दूध २ पिशव्या, काळा पाव १, अंडी' असे लिहिलेले. विचारले तर म्हणाला, "ज्या दिवशी पैसे द्याल त्या दिवसाच्या भावाने दूध मोजू." आम्हांला ते गैर वाटले. आमच्या गावच्या वाण्याने असे केले असते तर गावात बोभाटा झाला असता. पण माणूस बरोबर होता. टेलिफोनची नाणी असत, मध्ये भोक असलेली, 'असिमोन' म्हणत. लोक तीसुद्धा पुड्याच्या पुड्या घेऊन ठेवीत, कारण शेकेल बुडे पण असिमोनला आज एक फोन होई तसा उद्याही एकच होई.

इथले जुने लोक पगार झाला की त्याच दिवशी धावत सुटत. तेल, साखर, साबण, टॉयलेटचा कागद, जे टिकेल ते महिन्याचे भरीत. मोठी वस्तू पुढच्या तारखांचे चेक देऊन हप्त्यांनी घेत. शेवटचा हप्ता देईपर्यंत त्याला पावाचीसुद्धा किंमत राहत नसे. आमच्या वॉर्डाच्या मुख्य नर्सने तर आम्हांला जवळजवळ हात धरून सांगितले, "मुलींनो, फ्रिज घ्या. हप्त्यांनी घ्या."

आम्ही नाही घेतला. आमच्या घरी उधारी म्हणजे लाज. आमचे आईबाप कापडाच्या गिरणीत उभे राहून काम करीत, आणि भाकरीचा तुकडा कमी खात पण दारी देणेकरी येऊ देत नसत. पगारातला पहिला चौथा भाग बाजूला काढावा आणि त्याला हात लावू नये, हे आम्ही ऐकत वाढलो. हा सल्ला खोटा नव्हता. पेणला खरा होता आणि माझगावलाही. हैफाला त्या एका वर्षी मात्र सगळेच उफराटे झाले होते. उधळ्याचे घर भरत होते, आणि जपून ठेवणाराच बुडत होता.

आणि आम्हांला जपून ठेवावयाचेच होते. कशासाठी ते सांगतो.

आमच्यातल्या एकीच्या आईचे दात गेले होते. पन्नाशीही उलटली नव्हती, आणि तोंडात चार दात, तेही हलते. दात हे कुपात होलिमच्या औषधपाण्यात येत नसत. ज्याचे त्याने खिशातून करावयाचे. ती बाई पाव चहात बुडवून खाई आणि कोणी पाहिले की पदर तोंडावर घेई. फोटोत कधी हसली नाही. आणि ही तीच बाई, जिने आमच्या वसतिगृहाच्या तीन वर्षांत दर शुक्रवारी दिमोनाहून बसच्या ड्रायव्हरच्या हाती बेर शेव्हाला डबा पाठविला. एकीला नव्हे, तिघींना. म्हणून तिची कवळी ही एकीची गोष्ट राहिली नाही. पहिला पगार हाती आला त्याच रात्री, वहीच्या पहिल्या पानावर, भाड्याच्याही वर, आम्ही लिहिले: 'आईचे दात'.

दिमोनाच्या दातांच्या डॉक्टरांनी खालीवर दोन्ही मिळून तीनशे डॉलर सांगितले होते. आम्ही सहा महिन्यांचा हिशेब केला. महिन्याला पन्नास डॉलर, म्हणजे फेब्रुवारीच्या भावाने सहा हजार शेकेल, तिघींत दोन दोन हजार. हा आकडा मोडायचा नाही, एक शेकेलही कमी करायचा नाही, अशी शपथ घेतली. आकडा वाढवायला हवा, हे मात्र तिघींपैकी एकीलाही सुचले नाही. सातवीत चक्रवाढ व्याजाची गणिते आम्ही पैकीच्या पैकी गुण घेऊन सोडविली होती!

पैसे बँकेत ठेवायचे की घरी, यावर बोलणे झाले. पण आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी बँकेतल्याच माणसाच्या सांगण्यावरून आपली सारी शिल्लक बँकांच्या शेअरमध्ये घातली होती, आणि १९८३ च्या ऑक्टोबरात ते शेअर कोसळले. सरकारने पुढे वर्षांनी पैसे परत देण्याची हमी दिली, पण त्या हिवाळ्यात त्यांच्या घरी दिवाणखान्यातला दिवाही कोणी लावीत नसे. तिला बँकेचे नाव नको होते. तेव्हा डालडाचा पिवळा डबा काढला. भारतातून त्यात मसाला आला होता. नोटांना मसाल्याचा वास लागे. सहा महिने, सहा पगार, छत्तीस हजार शेकेल. एकदाही हात लावला नाही. एप्रिलमध्ये एकीचे बूट फाटले, तर ती महिनाभर पुठ्ठा घालून वॉर्डात फिरली.

ऑगस्टमध्ये तिघींनी एकाच वेळी सुट्टी मागून घेतली आणि डबा घेऊन दिमोनाला गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर नोटा मोजल्या. त्यांनी त्या दिवसाचा भाव पाहिला. फेब्रुवारीत डॉलर शंभर-सव्वाशेच्या घरात होता. आता तो अडीचशेच्या पुढे गेला होता. डॉक्टर भला माणूस, हळूच म्हणाले, "हे एकशे चाळीसच्या जवळपास होतात."

आई बाजूच्या खुर्चीवर बसली होती. तिला हिब्रू फारसे येत नसे, पण आमची तोंडे पाहून ती समजली. उठली, नोटा गोळा करून डब्यात भरल्या आणि मराठीत म्हणाली, "चला पोरींनो. माझं काही अडलेलं नाही. दात काय, देवाने दिले, देवाने नेले. हे तुमच्या घरात घाला." डॉक्टरांनी पुष्कळ सांगितले, आहेत तेवढे ठेवून जा. ती ऐकेना. आम्ही डबा घेऊन परत हैफाला.

परतीच्या प्रवासात कोणी कोणाशी बोलले नाही. घरी आल्यावर मात्र बोललो, आणि जे बोललो ते इथे लिहीत नाही. बँक नको म्हणणारी कोण, डबा काढणारी कोण, फ्रिजला नाही म्हणणारी कोण, सगळे निघाले. 'आई माझी आहे, तुम्हांला काय?' हेही निघाले. ते बोलायला नको होते. मग आठ-दहा दिवस तीन पाळ्यांच्या तीन बाया एका घरात राहून एकमेकींना टाळत होत्या. बोलणे फक्त हिशेबाच्या वहीतून. ती वही अजून आमच्याजवळ आहे. त्यात एका पानावर लिहिले आहे: 'दही १. कोणी खाल्ले?' खाली दुसऱ्या अक्षरात: 'जिला भूक होती तिने.' त्याच्याही खाली तिसऱ्या अक्षरात: 'चूक तिघींची आहे. चहा केला आहे, थर्मासमध्ये.'

ऑगस्टअखेरच्या एका शुक्रवारी किर्यात यामच्या मावशींकडे गेलो. या आमच्या रक्ताच्या मावशी नव्हेत. पण हैफाच्या बाजूला आपल्या माणसांचे घर म्हणून शब्बाथला आम्ही त्यांच्याकडे राहत असू. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी तिघींची तोंडे पाहिली, जेवण होईपर्यंत काही विचारले नाही, आणि मग सगळे काढून घेतले. ऐकून म्हणाल्या, "शिकल्यासवरल्या मुली तुम्ही! लोण्याचा गोळा उन्हात ठेवलात आणि हात लावला नाही म्हणून सांगता?"

मावशी बायकांची भिशी चालवीत. ती भिशी कशी चाले ते लिहिण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी ती ठराविक शेकेलवर सुरू केली होती. जिची पाळी पहिली आली तिने शिवणाचे यंत्र घेतले. जिची शेवटी आली तिला त्याच रकमेत एक पातेले आले. मोठे भांडण झाले. तेव्हापासून मावशींनी नियम केला: हप्ता डॉलरच्या भावाने. डॉलर कोणी आणायचा नाही, नुसता त्या दिवसाचा भाव बघायचा आणि तेवढे शेकेल टाकायचे. दहा बायका, दर महिन्याला वीस वीस डॉलरचे शेकेल. जिची पाळी तिला दोनशे डॉलरचे. पहिलीला जेवढे, शेवटचीलाही तेवढेच. अर्थमंत्र्यांना जे साधले नाही ते मावशींनी किर्यात यामच्या स्वयंपाकघरात साधले होते, असे आम्ही आजही म्हणतो.

"डबा उद्याच्या उद्या..." म्हणता म्हणता मावशींना शब्बाथ आठवला. "रविवारी पहिल्या बसने डॉक्टरकडे पोहोचवा. आईला सांगू नका. त्यांच्या वहीत डॉलर मांडून घ्या." रविवारी जिला सुट्टी होती ती गेली. आता ते एकशे वीस डॉलर भरले. दोन-अडीच आठवड्यांच्या रागाची किंमत वीस डॉलर!

राहिले एकशे ऐंशी. नवी भिशी ऑक्टोबरात सुरू होणार होती. तिघींत मिळून एक नाव घातले. रिवाजाने पहिली पाळी चालविणारीची, म्हणजे मावशींची. त्यांना ती स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी हवी होती, हे आम्हांला ठाऊक होते. फरश्या सुटल्या होत्या. मावशींनी पहिली पाळी आम्हांला दिली आणि शेवटची आपण घेतली. दोन बायका कुरकुरल्या. कालच्या पोरी, पैसे घेऊन हप्ते बुडवतील तर? मावशी म्हणाल्या, "बुडविले तर मी भरीन." एवढेच.

ऑक्टोबरात हजार हजाराच्या नोटांच्या जुड्या एका पिशवीत घातल्या. त्या नोटेवर रामबामचे चित्र असे. स्वतः वैद्य होता, म्हणून आम्ही म्हटले, बाबा, आजच्या दिवस तरी तब्येत सांभाळ. भाडे आणि भावंडांची चॉकलेटे वरच्या वीसात भागली.

हप्ते आम्ही दहाही भरले. मध्ये नोव्हेंबरात सरकार, मालक आणि हिस्ताद्रुत यांचा तीन महिने भाव गोठविण्याचा करार झाला, थोडा श्वास मिळाला, पुन्हा सुरू. शेवटचा हप्ता १९८५ च्या जुलैचा. त्याच महिन्याच्या आरंभी सरकारची मोठी योजना आली आणि डॉलर दीड हजारावर बांधला गेला. आमच्या वीस डॉलरचे तीस हजार शेकेल झाले, पहिल्या हप्त्याच्या जवळजवळ तिप्पट. पण मावशींचा ओटा झाला, आणि हवा तसा झाला. सप्टेंबरात नवा शेकेल निघाला, जुन्या हजाराला एक. रामबामच्या नोटेची किंमत एक शेकेल. पुढे नाताळच्या सुमारास डालडाचा डबा घासायला काढला तर तळाशी मसाल्यात चिकटलेली तशी एक नोट निघाली. तिच्या बदल्यात काय येईल यावर पुन्हा वाद झाला.

आणि आईचे दात? ते नोव्हेंबर १९८४ मध्ये बसले. पाहायला तिघी गेलो. आईने आरशात पाहिले, काही बोलली नाही, आत जाऊन वालाचे बिरडे वाढून आणले. आम्ही बघत बसलो की आता चावून खाईल. तिने पाठ फिरवली, कवळी काढून पेल्यात ठेवली आणि नेहमीसारखी जेवली. म्हणाली, "टोचतात गं. लग्नाकार्याला घालीन."

तशीच तिने ती वीस वर्षे घातली, लग्नाकार्याला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ती हसते आहे.